पाइपलाइनमधला दगा

२ जून, सकाळ
पोचलो. आजपासून रोज लिहायचं. ही वही कुणालाही दाखवायची नाही, त्यामुळे खोटं लिहायचा प्रश्नच येत नाही.

खोली पोटमाळ्यावर आहे. छत तिरकं. खिडकीपाशी माणूस ताठ उभा राहू शकतो, भिंतीपाशी वाकावं लागतं. खिडकीकडचा पलंग मी घेतला, कारण विचार करायला मला उजेड लागतो. भिंतीकडचा पार्टनरला दिला. आल्यापासून दोनदा त्याचं डोकं छताला आपटलं. त्याला कशाचाच अंदाज नसतो, मार्कही म्हणूनच कमी.

पार्टनर म्हणजे कॉलेजातला माझा प्रोजेक्ट पार्टनर. सगळे त्याला याच नावाने हाक मारतात, त्याची आईसुद्धा. ही इंटर्नशिप मी शोधली. अर्ज मी भरला, त्याचाही मीच भरला. जाहिरातीत लिहिलं होतं: पाइपलाइन, क्रॉलर, डेटा, रूट डिटेक्शन. कॉम्प्युटरच्या मुलाला आणखी काय सांगावं लागतं? एआय कंपनी! आत्याने तर सगळ्या सोसायटीला सांगून टाकलं की भाचा रोबोंना शिकवायला परदेशी चाललाय.

शेवटी दोघांपैकी एकालाच कायम ठेवणार आहेत. याच भरवशावर मी कॉलेजातल्या दोन कंपन्यांना नाही म्हणालो. बाबांनी ऑफिसात पेढे वाटले. मला धाकधूक अजिबात नाही. पार्टनरचं वाईट वाटतं, एवढंच.

३ जून, संध्याकाळ
फसवणूक. दुसरा शब्द नाही.

पाइपलाइन म्हणजे पाइपांची लाइन. सांडपाण्याची. अख्ख्या शहराचं धुणं, न्हाणं आणि बाकीचं सगळं जिच्यातून वाहतं ती. कंपनी हे पाइप आतून तपासते. क्रॉलर म्हणजे चार चाकांची बुटकी गाडी, पुढे कॅमेरा आणि दिवा, मागे लांबलचक केबल. ती मॅनहोलमधून खाली सोडतात आणि ती पाइपमधून रांगत जाते. रूट म्हणजे झाडाचं मूळ. ओलाव्याच्या ओढीने मुळं पाइपच्या सांध्यातून आत शिरतात आणि गटार तुंबतं. डेटा म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

शब्द सगळे आमचे, अर्थ सगळे त्यांचे. याला दगाबाजी नाही तर काय म्हणायचं?

वेबसाइटवर फोटो होते म्हणे. पार्टनर म्हणाला, मला वाटलं तू पाहिले असशील. मी मजकूर वाचणारा माणूस आहे, चित्रं बघत बसत नाही. बसमधून परत येताना तो सारखा खिडकीकडे तोंड करून हसत होता. माझ्या आयुष्याचा प्रश्न आणि याला हसू येतं.

४ जून
करार झाला. जेवताना पार्टनरला बजावलं की आपण इंजिनिअर आहोत, गटाराला हात लावायचा नाही. दोघांनी मिळून एकच मागणी करायची: आम्हाला कॉम्प्युटरचं काम द्या. एक जरी फुटला तरी संपलं. पार्टनरच्या तोंडात घास होता. तो 'हं' म्हणाला.

'हं' म्हणजे शब्द दिला. आता मी निर्धास्त.

६ जून, रात्र
आमच्या वरिष्ठ एक बाई आहेत. ठेंगण्या, कानामागे पेन्सिल, बोलणं मोजकं. मी त्यांचं नाव इन्स्पेक्टरबाई ठेवलंय, अर्थात मनातल्या मनात. आज ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक फाइल उघडेना. परवानगी मागत होती. म्हटलं, हीच संधी. आपण कोण आहोत ते कळू दे. बाईंकडे जाऊन खणखणीत आवाजात सांगितलं की मला रूट अ‍ॅक्सेस हवाय, आमच्या भाषेत कॉम्प्युटरमधलं सगळं उघडायची परवानगी.

बाई इतक्या खूश झाल्या की विचारू नका. पाठ थोपटली. आलेल्या मुलांपैकी पहिल्याच आठवड्यात स्वतःहून हे मागणारा तूच पहिला, म्हणाल्या. मी नम्रपणे मान खाली घातली. मान वर केली तेव्हा हातात हेल्मेट, हातमोजे आणि झाकण उचलायचा लोखंडी आकडा होता. व्हॅन दारात उभी होती.

तासाभरात एका मॅनहोलच्या काठावर होतो. आत पाइपच्या तोंडाशी मुळांचा हा एवढा जुडगा, त्यात अडकलेलं जे काही होतं ते लिहिणार नाही. बाई म्हणाल्या, हा घे अ‍ॅक्सेस. मी वाऱ्याची दिशा बघायला रस्त्याच्या पलीकडे गेलो आणि तिथे बराच वेळ लागला. परत येऊन बघतो तर पार्टनर गुडघ्यावर बसून ड्रायव्हरबरोबर आकड्याने मुळं ओढतोय.

शब्द देऊन दोन दिवस झाले नाहीत! पहिला दगा. खोलीवर आल्यावर जाब विचारला. तर म्हणे, तू मागितलेलं काम होतं, तू दिसेनास, मग कुणीतरी करायला नको? सारवासारव कशी करावी हे याच्याकडून शिकावं.

१० जून
घरी फोन. आईला सांगितलं, अंडरग्राउंड नेटवर्कवर काम करतोय. यात एक अक्षर खोटं नाही. बाबांनी हळू आवाजात विचारलं, सरकारी गुपित वगैरे आहे का रे? मी म्हणालो, फोनवर नको बोलायला.

मग आईने पार्टनरला फोन द्यायला लावला. त्याने काकू, आम्ही गटाराचे पाइप तपासतो असं धडधडीत सांगून टाकलं. दुसरा दगा. नशीब, आई भोळी. फोन परत माझ्याकडे आल्यावर म्हणाली, तू नेटवर्कचं करतोस आणि त्या बिचाऱ्याला गटारं का रे दिली? मी म्हणालो, मार्क कमी आहेत त्याचे. आईला फार वाईट वाटलं. त्याला सांभाळून घे म्हणाली. घेतोय.

१५ जून
संकल्प: रोज सकाळी व्यायाम. थंडपणा हे शस्त्र. बाईंशी फक्त कामापुरतं बोलायचं.

पार्टनरला आता क्रॉलर चालवायला देतात. व्हॅनमध्ये बसून स्क्रीनकडे बघत कांडी फिरवायची, त्यात काय मोठंसं. पण हा घरी आल्यावर वासाचे कपडे मोरीत टाकतो आणि दिवसभर काय दिसलं ते सांगत सुटतो. कुठे सांधा सरकलाय, कुठे पाइपला तडा गेलाय. एकदा म्हणे आत बेडूक भेटला, गाडी थांबवून त्याला आधी जाऊ दिलं. मी कानात हेडफोन घालतो. गाणं लावलेलं नसतं, ते वेगळं.

माझे गमबूट अजून दुकानात ठेवल्यासारखे चकाचक आहेत. आज बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. नीटनेटकेपणा लोकांच्या डोळ्यात भरतोच.

१६ जून
व्यायाम सोमवारपासून.

२३ जून
सुचलं! इतके दिवस या लोकांच्या मैदानात खेळत होतो, तिथेच चुकलं. इथे माणसं डोळे फाडून तासन्‌तास व्हिडिओ बघतात आणि मूळ दिसलं की नोंद करतात. कुठल्या जमान्यात आहेत? मी प्रोग्राम लिहिणार. व्हिडिओ टाकायचा, मूळ कुठे आहे ते मशीन सांगणार. कंपनीचं काम निम्मं, माझी नोकरी पक्की. आणि आत्याने सांगितलेलंही खरं होईल, रोबोला शिकवणारच आहे मी.

पार्टनरला सांगितलं नाही. घरभेद्याला कोण सांगतं? फक्त त्याच्याकडून मुळांचे व्हिडिओ निवडून घेतले, त्यावर खुणा करून घेतल्या आणि मध्येच प्रोग्राम अडला तेव्हा त्याला दुरुस्त करायला दिला. कशासाठी ते कळू दिलं नाही.

२ जुलै, संध्याकाळ
प्रोग्राम तयार. निकाल थक्क करणारे. माणसांना जिथे काहीच दिसलं नव्हतं तिथे माझ्या मशीनला मुळंच मुळं दिसतायत. शाळेमागच्या एका रस्त्याखाली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत मूळ आहे. सलग! इतकं मोठं मूळ इथे कुणी पाहिलंही नसेल.

पार्टनर म्हणाला, एक व्हिडिओ तरी डोळ्यांनी बघून घेऊ या. मी त्याला समजावलं की डोळ्यांनीच बघायचं तर मशीन कशाला? मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो बघा. बाईंना मीटिंगमध्ये रिपोर्ट दिला. त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हणालो, शंभर टक्के. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो. एवढं मूळ असेल तर पाइप फुटलेलाच असणार, म्हणाल्या, खणावं लागेल.

मी जिंकलो. आईला फोन करून सांगितलं की माझ्या शब्दावर इथे रस्ते खणतात.

९ जुलै
खणला. रस्ता बंद, वाहतूक दुसरीकडून, मशीनची घरघर, शाळेची मुलं कठड्याला लटकून बघतायत. खड्ड्यात पाइप निघाला. धडधाकट. तडा नाही, ओरखडा नाही, मूळ तर औषधालाही नाही.

मग व्हॅनमध्ये बसून सगळ्यांनी व्हिडिओ डोळ्यांनी बघितला. क्रॉलर परत फिरताना कॅमेरा मागे वळवतात. मागे काय असतं? त्याचीच केबल. काळी, मळलेली, वळणावळणाची. माझ्या मशीनने तिलाच मूळ म्हटलं. गाडी जाईल तिथे तिची केबल, म्हणून मूळ सलग. मशीन हुशार आहे, यात वादच नाही. केबल अशी मुळासारखी दिसते हे कुणी मला आधी सांगायला नको?

बाई खड्ड्याच्या काठावर उभ्या राहिल्या. कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली. हे कुणी केलं, असं शांतपणे विचारलं. घसा खाकरून मी सगळी पार्श्वभूमी समजावून सांगणार, तेवढ्यात पार्टनर पुढे झाला आणि म्हणाला, आम्ही दोघांनी.

दोघांनी! कल्पना माझी, प्रोग्राम माझा, रिपोर्टवर नाव माझं, आणि हा म्हणतो दोघांनी. हा उघड उघड श्रेय लाटायचा प्रकार आहे. तो खड्डा सर्वस्वी माझा होता. तिसरा दगा, आणि आजवरचा सगळ्यात मोठा.

११ जुलै
शिक्षा म्हणून दोघांनाही रोज संध्याकाळी केबल धुवायचं काम. पार्टनर फडका धरतो, मी पाणी सोडतो. एक शब्द बोलत नाही, उलट शीळ घालतो. चिडवतोय हे न कळण्याइतका मी दुधखुळा नाही. एकदा तरी भांडला असता तर बरं वाटलं असतं.

संकल्प: त्याच्याशी अबोला.

१२ जुलै
अबोला सोडावा लागला. खोलीची किल्ली त्याच्याकडे होती.

२० जुलै
ड्रायव्हरने चहा पिता पिता सांगितलं की महिनाअखेरीला बाई एकेकाला आत बोलावून विचारणार आणि मग ठरवणार. रात्रभर झोप नाही. घरी परत गेलो तर काय? ज्यांना नाही म्हटलं त्या कंपन्या आता दारात उभं करणार नाहीत. बाबांना ऑफिसात पेढ्यांबद्दल विचारतील. नको, असला विचारच नको.

सकाळी डोकं चाललं. वरच्या मजल्यावर एक डेटा रूम आहे. काचेची, आत गालिचा, कॉफीचं मशीन. तिथे एक खुर्ची रिकामी आहे, मी जिन्यातून पाहिली. म्हणजे कायमची जागा तीच! गटारात कुणाला कायम ठेवतं का? आता फक्त एवढंच बघायचं की पार्टनर त्या खुर्चीच्या आसपास फिरकणार नाही.

२८ जुलै, दुपार
मास्टरस्ट्रोक!

बाईंनी आत बोलावलं. इकडचं तिकडचं झालं आणि मग सरळ विचारलं, या फील्डमध्ये कोण टिकेल असं तुला वाटतं?

मी अशा प्रश्नाची वाटच बघत होतो. म्हटलं, पार्टनर. फील्डसाठीच जन्मलाय तो. चिखल म्हणू नका, वास म्हणू नका, त्याला कशाचीच किळस नाही. क्रॉलर त्याच्या हातात असा चालतो की बस. मी? मी फील्डचा माणूसच नाही हो. फील्ड म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. मला फील्डपासून जितकं लांब ठेवाल तितकं कंपनीचं भलं.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. डोळ्यात पाणी होतं की काय, नक्की सांगता येत नाही. मित्राबद्दल इतक्या मोकळ्या मनाने बोलतोस, म्हणाल्या. मी म्हणालो, खरं ते सांगायला काय जातं? पार्टनर बसला गटाराच्या काठावर आणि मी गालिच्यावर. कुणावर अन्याय नाही, उलट त्याला आवडतं तेच मिळतंय.

२८ जुलै, संध्याकाळ
पार्टनरलाही बोलावलं होतं. काय विचारलं म्हणालो, तर नजर चुकवून म्हणाला, काही नाही, असंच. मग उगाचच माझ्यासाठी अंडी उकडली. पाठीमागे काहीतरी बोलून आलेला माणूस मला लगेच ओळखू येतो. त्याने मला विचारलं तेव्हा मीही म्हणालो, काही नाही, असंच. पण माझ्या म्हणण्यात सहजता होती.

माझ्याविरुद्ध काय ओकून आला असेल? खड्डा नक्की सांगितला असणार. चौथा दगा.

५ ऑगस्ट, दुपार
निकाल लागला. नंतर लिहितो.

६ ऑगस्ट
काल लिहिणं जमलं नाही.

सगळे हॉलमध्ये जमले होते. बाई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं या धंद्यात आहे, दरवर्षी दोन मुलं येतात. शेवटी मी दोघांना एकच गोष्ट विचारते, तुम्हा दोघांत या क्षेत्रात कोण टिकेल? दरवर्षी दोघंही स्वतःचंच नाव सांगतात. या वर्षी पहिल्यांदाच असं झालं की दोघांनी एकमेकांचं नाव सांगितलं.

टाळ्या. मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

बाई पुढे म्हणाल्या, मग कामच बघावं लागलं, आणि कामात पार्टनर पुढे होता. तो कायम. माझ्याकडे वळून म्हणाल्या, तू तर स्वतःचं नुकसान करून घेऊन मित्राला पुढे केलंस. असा मित्र सगळ्यांना मिळो. मग परत टाळ्या, यावेळी माझ्यासाठी आणि जास्त जोरात. ड्रायव्हरने मिठी मारली. फील्ड म्हणजे क्षेत्र. फील्ड म्हणजे साइट नाही. आपल्याकडे आत्यासुद्धा म्हणते, कुठल्या फील्डमध्ये आहेस रे? मला कळायला नको होतं? आणि डेटा रूममधली ती रिकामी खुर्ची मोडकी होती, म्हणून तिच्यावर कुणी बसत नव्हतं.

संध्याकाळी बॅग भरायला घेतली. बंद होईना. पार्टनर येऊन बॅगेवर बसला, मी चेन ओढली. म्हटलं, तू माझं नाव का सांगितलंस? खरं सांग. तो म्हणाला, तू घरी सगळ्यांना एवढं सांगून ठेवलंयस, तुला परत जायला किती जड जाईल असं वाटलं. माझं काय, आमच्या घरी कुणाला काही माहीतच नाही. मग म्हणाला, पण तू माझं नाव घेशील असं वाटलं नव्हतं रे. आणि रडला. हा एवढा दांडगा माणूस, माझ्या बॅगेवर बसून.

सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, त्यात काय एवढं.

मी अर्ज भरताना यानेच मला रात्री चहा करून दिला होता. खड्ड्यापाशी 'दोघांनी' म्हणाला तोही हाच. आज सबंध वही पुन्हा वाचून काढली. पानापानावर याचे दगे लिहून ठेवलेत, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. एक म्हणून एक टिकेना. याच्या दग्याच्या भरवशावर मी एवढा दोन महिन्यांचा संताप केला, आणि आयत्या वेळी याने दगासुद्धा दिला नाही.